बिघडलं तर भरायचं कोणी?

हिंगणघाटच्या बसस्टँडजवळ चहा घेतला तर दहा रुपयांसाठी कुणी खिशात हात घालत नाही. टपरीवर क्यूआर कोड चिकटवलेला असतो, पैसे आले की डबी बोलते, संपला विषय. जर्मनी ही युरोपातली सर्वांत मोठी अर्थव्यवस्था. तिथे २०२३ साली लोकांनी केलेल्या रोजच्या खरेदी-व्यवहारांपैकी ५१ टक्के रोखीत झाले, असं तिथल्या मध्यवर्ती बँकेची पाहणी सांगते. जपानमध्ये अमुक कागदपत्र फ्लॉपीवरच द्या असे सरकारी नियम होते. ते काढून टाकायला २०२४ उजाडलं. आणि ज्या हिंगणघाटात चहाचे पैसे फोनवरून जातात, त्याच हिंगणघाटातला कास्तकार ई-पीक पाहणीचं ॲप उघडायचं म्हटलं की शेजारच्या पोराला हाक मारतो.

तंत्रज्ञान काही देशांत झपाट्याने रुजतं आणि काहींत रखडतं, ते का? आपल्याकडे याची तीन तयार उत्तरं आहेत. पैसा, शिक्षण आणि मानसिकता. पहिल्या दोन उत्तरांनी जर्मनी आणि जपानचं कोडं सुटत नाही. तिसरं उत्तर कशालाही लागू पडतं, म्हणून ते कामाचं नाही. ‘आपल्या लोकांची मानसिकताच नाही’ हे वाक्य मी ऑफिसातल्या मीटिंगमध्ये ऐकलंय, तहसीलच्या रांगेत ऐकलंय आणि घरच्या जेवणातही ऐकलंय. या वाक्याला पुस्तकी प्रतिष्ठा मिळवून देणारा एक ग्रंथ आहे. हा लेख त्या ग्रंथाशी भांडण आहे, पण आधी त्याचं देणं मान्य करून.

एव्हरेट रॉजर्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचं ‘डिफ्यूजन ऑफ इनोव्हेशन्स’ १९६२ साली आलं. त्याची पाचवी आवृत्ती २००३ ची. तुम्ही पुस्तक वाचलं नसेल, पण त्यातली आकृती नक्की पाहिली असेल. घंटेच्या आकाराची एक रेष, तिचे पाच तुकडे: सुरुवातीला धाडसी नवप्रवर्तक, मग लवकर स्वीकारणारे, मग आधीचे बहुसंख्य, नंतरचे बहुसंख्य आणि सगळ्यात शेवटी ‘लॅगार्ड्स’, म्हणजे रेंगाळणारे. स्टार्टअपच्या सादरीकरणात ही रेष हमखास असते. सॉफ्टवेअर कंपनीत काम करणाऱ्या आम्हा लोकांची जगाकडे पाहायची सवयच या रेषेने घडवली आहे. कुणी आपलं ॲप वापरत नसेल तर तो रेषेच्या उजव्या टोकाला आहे, एवढंच आम्हाला दिसतं.

गंमत अशी की या सिद्धांताचं मूळ शेतात आहे. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या दोघांचा १९४३ सालचा अभ्यास आयोवा राज्यातल्या २५९ शेतकऱ्यांचा होता. विषय: मक्याचं संकरित बियाणं कोणी, कधी आणि कुणाचं पाहून पेरलं. रॉजर्स स्वतः आयोवातल्या शेतकऱ्याचा मुलगा. त्याच्या वडिलांना नवीन यंत्रांची हौस होती, पण संकरित बियाण्याला त्यांनी कैक वर्षं हात लावला नाही. १९३६ च्या दुष्काळात शेजाऱ्याचा संकरित मका उभा राहिला, यांचा करपला, तेव्हा कुठे ते वळले. म्हणजे एकच माणूस यंत्रांच्या बाबतीत रेषेच्या डाव्या टोकाला आणि बियाण्याच्या बाबतीत उजव्या टोकाला. सिद्धांताच्या जनकाच्या घरातच हे उदाहरण होतं, तरी ‘रेंगाळणारा’ हा शब्द माणसाला चिकटला तो चिकटलाच.

याच मक्यावर १९५७ साली झ्वी ग्रिलिकेस या अर्थतज्ज्ञाने दुसऱ्या बाजूने काम केलं. आयोवाने संकरित मका लवकर घेतला आणि अलाबामाने उशिरा, असं का? अलाबामाचे शेतकरी मागासलेले होते म्हणून? ग्रिलिकेसने दाखवलं की तिथल्या मातीला, हवेला चालेल असं बियाणंच उशिरा तयार झालं, कारण बियाणं कंपन्यांना तिथे धंदा कमी दिसत होता. संकरित बियाणं ही एक वस्तू नव्हतीच. ती प्रत्येक भागासाठी वेगळं बियाणं घडवायची पद्धत होती. ज्यांच्यासाठी ते घडवलंच गेलं नाही, त्यांना रेंगाळणारे म्हणायचं कसं?

रॉजर्स प्रामाणिक होता. पुढच्या आवृत्त्यांत त्याने आपल्याच शाखेचे दोष मांडले. नवं ते चांगलंच, ही गृहीत धरलेली समजूत एक. आणि व्यवस्थेचा दोष व्यक्तीवर ढकलायची सवय दुसरी. पण पाच तुकड्यांची रेष आणि तिच्या टोकाचा तो शब्द त्याने काढला नाही. पुढे जगाने टीका वाचली नाही, आकृती तेवढी उचलली.

*

आता ही रेष हिंगणघाटात आणून बघू.

वणा नदीच्या काठचं हे गाव कापसाचं. एकोणिसाव्या शतकात ‘हिंगणघाट’ हे कापसाच्या एका नावाजलेल्या जातीचं नाव होतं. तंत्रज्ञान इथे उशिरा येतं हा समज तर काढूनच टाका. भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारा विल्यम लॅम्ब्टन हैदराबादहून नागपूरकडे निघाला असताना १८२३ साली इथेच वारला. त्याची कबर गावात आहे. त्या काळातली एक अतिशय अचूक मोजणी या वाटेने गेली. मागून रेल्वे आली, जिनिंग-प्रेसिंग आलं, कापड गिरण्या आल्या.

आणि बियाणं? बीटी कपाशीला देशात २००२ साली परवानगी मिळाली. पुढच्या साधारण दहा-बारा वर्षांत देशातल्या कपाशीच्या नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्रावर बीटी होती. विदर्भ यात मागे नव्हता. तणनाशक सहन करणाऱ्या वाणाला तर परवानगीच नाही, तरी ते ‘चोर बीटी’ म्हणून खेडोपाडी पोचलं. ज्या कास्तकाराला आपण ॲपच्या बाबतीत रेंगाळणारा म्हणतो, तो बियाण्याच्या बाबतीत सरकारच्याही पुढे पळत होता. फोन त्याने घेतला, व्हॉट्सॲप घेतलं, यूपीआय घेतलं. मग ई-पीक पाहणीपाशी त्याची मानसिकता अचानक बदलली?

ई-पीक पाहणी महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. आधी पिकाची नोंद तलाठी करायचा. आता शेतकऱ्याने स्वतः बांधावर जाऊन, जीपीएस लावून, पिकाचा फोटो काढून ती करायची. कल्पना चांगली आहे. तलाठ्याने चावडीत बसून नोंदी भरल्याच्या तक्रारी जुन्या आहेत. पण या बदलात फोटोबरोबर आणखी एक गोष्ट गुपचूप हलली. नोंद चुकली तर जबाबदारी आधी तलाठ्याची होती, ती आता शेतकऱ्याची झाली. नेटवर्क नाही, गट नंबर सापडत नाही, सर्व्हर बंद आहे, जीपीएस शेजारच्या शेतात उभं करतंय, यातल्या कशाचंही फळ शेवटी एकच: सातबाऱ्यावर पीक नाही. आणि सातबाऱ्यावर कापूस नाही तर हमीभावाच्या खरेदीत अडचण. त्यावर सरकारचा ठरलेला उपाय म्हणजे मुदतवाढ. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर मुदतवाढ हे आपल्या व्यवस्थेचं एरर हँडलिंग आहे. बिघाड का झाला ते विचारायचं नाही, भरपाई करायची नाही, फक्त तारीख पुढे न्यायची. पुढे राहिलेल्या शेतांची नोंद करायला सहायक नेमले गेले. म्हणजे फिरून माणूस लागलाच.

हेच यूपीआयशी ताडून पाहा. पैसे कापले गेले आणि समोरच्याला पोचले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे ते ठरलेल्या मुदतीत आपोआप परत यायला हवेत. नाही आले तर उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये ग्राहकाला द्यायचे. टपरीवाल्याने हा नियम वाचलेला नाही. पण अडकलेले पैसे परत येतात हा त्याचा अनुभव आहे, आणि त्या अनुभवामागे हा नियम आहे. शिवाय जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराला कमिशन नाही. म्हणजे चालवायचा खर्च त्याच्यावर नाही आणि तांत्रिक बिघाडाचा खर्चही नाही. २०२५ मध्ये यूपीआयवर महिन्याला १,८०० कोटींहून जास्त व्यवहार होत होते. या आकड्याचं श्रेय आपण स्वस्त डेटाला देतो, नोटबंदीला देतो. त्यांचा वाटा आहेच. पण डेटा ई-पीक पाहणीलाही तेवढाच स्वस्त होता.

माझं म्हणणं इथे येऊन ठेपतं. तंत्रज्ञान रुजेल की नाही हे ठरवणारा मोठा प्रश्न ‘लोक तयार आहेत का’ हा नाही. ‘बिघडलं तर भरायचं कोणी’ हा आहे. रॉजर्सने नव्या गोष्टीचे पाच गुण सांगितले: फायदा, जुन्या सवयींशी जुळणं, सोपेपणा, थोडं करून पाहता येणं, दुसऱ्याचं पाहता येणं. पाचही गुण वस्तू चालते तेव्हाचे आहेत. ती बंद पडते तेव्हाचा गुण या यादीत नाही.

*

हा प्रश्न तपासायला महाराष्ट्रात जवळजवळ प्रयोगासारखी एक घटना घडली. जून २०१७ मध्ये राज्याने छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर केली, ३४ हजार कोटींची. अर्ज ऑनलाइनच करायचा होता. नवरा-बायको दोघांची माहिती, आधार, कर्जाचे तपशील, सगळं शेतकऱ्याने सेवा केंद्रात रांग लावून भरायचं. दिवाळीत प्रमाणपत्रं वाटली गेली आणि मग घोळ बाहेर आले. बँकांची माहिती आणि अर्जांतली माहिती जुळेना, याद्या पुन्हा पुन्हा तपासाव्या लागल्या.

डिसेंबर २०१९ मध्ये महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना जाहीर झाली, दोन लाखांपर्यंतच्या पीककर्जासाठी. या वेळी शेतकऱ्याने अर्ज भरायचाच नव्हता. याद्या बँकांनी द्यायच्या, त्या गावात लागायच्या, शेतकऱ्याने केंद्रावर जाऊन अंगठा लावायचा. रक्कम पटली नाही तर तसं सांगायची सोय तिथेच, आणि तो वाद जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे. फेब्रुवारी २०२० मध्ये पहिल्या याद्या लागल्या आणि कामाने वेग घेतला. नंतर टाळेबंदी आली म्हणून खंड पडला.

राज्य तेच, शेतकरी तेच, सेवा केंद्रं तीच. मधे दोन-अडीच वर्षं गेली. एवढ्यात कुणाची मानसिकता बदलत नसते. दुसऱ्या योजनेच्या अटी सुटसुटीत होत्या हे खरं आहे, आणि तिच्यातूनही काही लोक सुटले. पण मुख्य फरक चुकीची जागा हलवण्याचा होता. माहिती बरोबर असल्याची जबाबदारी ज्याच्याकडे मुळात माहिती होती त्या बँकेवर टाकली, आणि शेतकऱ्याला ‘हे मला मान्य नाही’ म्हणायची जागा दिली. पहिल्या योजनेत शेतकरी डेटा एंट्री ऑपरेटर होता, दुसऱ्यात तो पक्षकार होता.

*

आता देशांकडे जाऊ. दिएगो कोमिन आणि बार्ट होबिन या दोन अर्थतज्ज्ञांनी १६६ देशांत १५ तंत्रं कधी पोचली याचा १८२० पासूनचा हिशोब मांडला. शोध लागल्यापासून देशात पोचेपर्यंत सरासरी ४५ वर्षं लागली, आणि नवी तंत्रं जुन्यांपेक्षा लवकर पोचतात. कोमिनने मार्ती मेस्तिएरीबरोबर पुढे केलेल्या कामाचा निष्कर्ष जास्त बोचरा आहे: पोचायच्या काळातलं देशादेशांमधलं अंतर घटत गेलं, पण पोचल्यावर ते किती खोल मुरतं यातलं अंतर वाढत गेलं. तंत्रज्ञान हल्ली सगळीकडे पोचतं. मुरत मात्र सगळीकडे नाही.

केनियात २००७ साली ‘एम-पेसा’ सुरू झालं. पेसा म्हणजे आपला पैसाच. शब्द इकडून तिकडे गेलेला. साध्या फोनवरून पैसे पाठवायचे, कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडून रोख घ्यायचे. लोकांचा पैसा बँकेत वेगळ्या विश्वस्त खात्यात राहायचा, कंपनीला तो वापरता यायचा नाही, आणि मध्यवर्ती बँकेने ही घडी मान्य केली होती. शिवाय अडचण आली तर जाब विचारायला ओळखीचा दुकानदार होता. व्होडाफोनने हीच सेवा २०१३ मध्ये भारतभर आणली आणि २०१९ मध्ये बंद केली. इथले नियम बँकांना मध्यभागी ठेवणारे होते, आणि नंतर यूपीआय आलं. वस्तू एकच होती, पण तिच्या भोवतीची हमी देणारी माणसं आणि नियम विमानाने आणता येत नाहीत.

एस्टोनियाचं कौतुक आपण नेहमी ऐकतो: तेरा लाखांचा देश, सगळं ऑनलाइन, २००५ पासून इंटरनेटवर मतदान. मला त्यांचं २०१७ साल जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या वर्षी ओळखपत्रांच्या चिपमध्ये सुरक्षेची त्रुटी निघाली, साडेसात लाखांच्या आसपास कार्डांमध्ये. सरकारने ते जाहीर सांगितलं, प्रमाणपत्रं थांबवली आणि कार्डं दुरुस्त करून देण्याची व्यवस्था केली. नागरिकाला आपली माहिती कोणत्या खात्याने पाहिली हेही तिथे तपासता येतं. जर्मनीत १९८३ साली घटनात्मक न्यायालयाने जनगणनेच्या खटल्यात सांगितलं की आपल्या माहितीचं काय व्हावं हे ठरवायचा हक्क माणसाचा आहे. असा निकाल पाठीशी असलेला समाज प्रत्येक नव्या यंत्रणेला ‘आधी हमी दाखव’ म्हणतो आणि सावकाश चालतो. त्याला रेंगाळणं म्हणणं म्हणजे ग्राहकाने पावती मागितली म्हणून त्याला अडाणी ठरवण्यासारखं आहे.

उलट उदाहरण ब्रिटनचं. टपाल खात्याने १९९९ पासून ‘होरायझन’ ही हिशोबाची प्रणाली बसवली. तिच्यात चुका होत्या; हिशोबात नसलेली तूट दिसायची. तिथल्या कायद्यात संगणक बरोबर चालतो असं गृहीत होतं, चुकला हे दाखवायचं काम आरोपीचं. ९०० हून अधिक पोस्टचालक चोरी-अफरातफरीत दोषी ठरले, काहींनी स्वतःच्या खिशातून तूट भरली. त्या शिक्षा रद्द करणारा कायदा २०२४ मध्ये झाला. स्वीकाराच्या आलेखावर होरायझन यशस्वी आहे: देशभर पोचलेली, रोज वापरली गेलेली. फक्त बिघाडाचं बिल चुकीच्या माणसांच्या नावाने फाडलं गेलं.

*

कुणी म्हणेल, बीटीचं काय? बिघाडाचा भार शेतकऱ्यावरच होता, तरी त्याने ती घेतली. आक्षेप रास्त आहे. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भात कपाशी खाल्ली, तेव्हा नुकसान बहुतांशी कास्तकारानेच सोसलं. फरक असा की बियाण्यातली जोखीम त्याच्या ओळखीची होती. पाऊस, कीड, भाव, हे जुगार तो पिढ्यान्‌पिढ्या खेळतोय. दोन एकरांत लावून बघता येतं, शेजाऱ्याचं वावर दिसतं. सर्व्हर दिसत नाही. ओटीपी का आला नाही हे बांधावरून कळत नाही. आणि बीटीने दुसरंही एक शिकवलं: नव्वद टक्के स्वीकार म्हणजे नव्वद टक्के समाधान नव्हे. बाजारात दुसरं बियाणं उरलंच नाही की आकडा आपोआप वाढतो.

महाराष्ट्रातच याची दुसरी बाजू आहे. वारणानगर परिसरातल्या ७० गावांत १९९८ साली ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प झाला. गावोगाव संगणक केंद्रं बसली, स्वप्नं मोठी होती. प्रत्यक्षात केंद्रांचा उपयोग मुख्यतः उसाच्या कामाला झाला: तोडणी, खत, बिल. पुढे संशोधकांनी काही गावांत संगणक काढून तेच काम एसएमएसवर करून दाखवलं, आणि लोकांना ते चाललं. कारण ऊस उत्पादक कारखान्याचा सभासद असतो. मेसेज चुकला तर जाब विचारायला कारखान्याचं ऑफिस आहे, वार्षिक सभा आहे, निवडणूक आहे. कापसाला असा कारखाना नाही.

म्हणून २०२५ च्या हंगामात कापूस महामंडळाने, म्हणजे सीसीआयने, ‘कपास किसान’ ॲप आणलं तेव्हा हिंगणघाटसारख्या बाजारात काय झालं ते समजून घेण्यासारखं आहे. हमीभाव लांब धाग्याला क्विंटलला ८,११० रुपये, बाजारभाव त्याच्या खाली. ॲपवर नोंदणी करायची, स्लॉट घ्यायचा, कापूस आणायचा. नोंदणीची ३० सप्टेंबरची मुदत अर्थातच वाढवावी लागली. समजा सगळं जमलं. गाडी भाड्याने केली, केंद्रावर पोचलो आणि ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला. कापूस परत. गाडीभाडं, हमाली, गेलेला दिवस, सगळं कास्तकाराच्या खात्यावर. खासगी व्यापारी भाव कमी देतो, पण ओला माल पाहून तिथल्या तिथे काय देणार ते सांगतो, चुकारा हातात ठेवतो. क्विंटलमागे तो जे कमी देतो, त्यात ही खात्री विकत घेतल्याची किंमतही असते. किंमत जास्त आहे, पुष्कळदा लुबाडणारी आहे. पण ॲप सोडून व्यापाऱ्याकडे वळणाऱ्याला ‘मानसिकता’ म्हणून सोडून देणारा माणूस हिशोबात कच्चा आहे, कास्तकार नव्हे.

या ॲपला यूपीआयसारखा एक नियम जोडून बघा. दिलेल्या स्लॉटला खरेदी झाली नाही तर दिवसाला इतके रुपये. नोंद सर्व्हरमुळे अडली तर ती झाली असं धरायचं, आणि नाही हे खात्याने सिद्ध करायचं. ओलाव्याची तपासणी गावातच, गाडी भरण्याआधी. यात कुठलंही नवं तंत्रज्ञान नाही. कोडच्या चार-सहा ओळी आहेत आणि एक शासन निर्णय आहे. अवघड आहे तो शासन निर्णय, कारण त्यात बिघाडाचा खर्च सरकारी खात्याच्या अंदाजपत्रकात लिहावा लागतो.

रॉजर्सचं पुस्तक जरूर वाचा. आयोवातल्या मक्याची गोष्ट त्यात मस्त आहे. वाचताना प्रत्येक आलेखाशेजारी पेन्सिलने एक रकाना वाढवा: बंद पडलं तेव्हा कोणी भरलं? एखादं डिजिटल धोरण जाहीर होईल तेव्हाही हाच रकाना शोधा. किती कोटी डाउनलोड झाले हे मंत्री सांगतीलच. भरपाईचं कलम कितवं आहे, हे आपल्याला विचारावं लागेल.